वजन कमी करताना मावा केक खायचा की नाही?

प्रश्न विचारणाऱ्या बाई बोरिवलीला राहतात आणि ग्रँट रोड स्थानकापासून जवळच एका कार्यालयात नोकरी करतात. वय ४१, उंची १५६ सेंटीमीटर, वजन ७१ किलो. मधुमेह नाही, थायरॉईडची तपासणी व्यवस्थित आहे. गेल्या वर्षभरात त्यांनी दोन वेळा गोड पदार्थ पूर्ण बंद केले. दोन्ही वेळा काही आठवडे नियम पाळला गेला, मग कार्यालयातल्या एखाद्या वाढदिवसाच्या केकने तो मोडला, आणि त्यानंतर बरेच दिवस समोर येईल ते खाल्ले गेले. त्यांचे तीन प्रश्न आहेत: स्थानकाजवळचा मावा केक कायमचा सोडावा का, मुलगी घरी कणकेचे आणि गुळाचे केक करते, ते चालतील का, आणि ‘शुगर फ्री’ म्हणून मिळणारे केक व बिस्किटे घेणे बरे का.

उत्तर आधी थोडक्यात देतो आणि मग कारणे सांगतो. मावा केक सोडू नका. कणकेचा आणि गुळाचा केक खा, पण तो केक आहे हे लक्षात ठेवूनच खा. ‘शुगर फ्री’वर पैसे घालवू नयेत असे माझे मत आहे. मुंबईत आहारसल्ल्याचे काम करताना गेली अनेक वर्षे मला दिसत आले आहे की, वजन कमी करणाऱ्यांचे नुकसान आवडीने, मोजून खाल्लेल्या केकमुळे फारसे होत नाही. ते होते ‘हे तर पौष्टिक आहे’ किंवा ‘हे कुठे गोड आहे’ असे म्हणून हिशेबाबाहेर ठेवलेल्या खाण्यामुळे.

आता हिशेब पाहू. तुमच्या वयाच्या, उंचीच्या आणि बैठे काम करणाऱ्या स्त्रीला वजन आहे तसे राखण्यासाठी दिवसाला साधारण १८०० ते १८५० कॅलरी लागतात. त्यातून ४०० कमी केल्या, तर सुरुवातीच्या काळात महिन्याला सव्वा ते दीड किलो वजन उतरते. पुढे हा वेग मंदावतो आणि तसे होणे स्वाभाविक आहे. म्हणजे तुमच्या हातात दिवसाला सुमारे १४५० कॅलरी आहेत. यातला दहावा भाग निव्वळ आवडीसाठी ठेवला आणि उरलेल्या नव्वद टक्क्यांत डाळी, उसळी, भाज्या, ताक, अंडी, मासे नीट बसवले, तर पोषणात उणीव राहत नाही. दहावा भाग म्हणजे दिवसाला १४५, आठवड्याला सुमारे १००० कॅलरी. मी हा हिशेब दिवसावर न ठेवता आठवड्यावर ठेवायला सांगतो, कारण वाढदिवस, डोहाळजेवणे आणि कार्यालयातले समारंभ दिवसांत सारखे वाटलेले नसतात.

या १००० कॅलरींत काय बसते? लहान मावा केक ४० ग्रॅमच्या आसपास असतो आणि त्यात १७० कॅलरींच्या जवळपास असतात. ८० ग्रॅमची ब्राउनी साधारण ३५० पर्यंत जाते. क्रीमची पेस्ट्री आकारानुसार ३०० ते ४०० पर्यंत. हे अंदाज आहेत आणि प्रत्येक बेकरीचे प्रमाण वेगळे असते, पण निर्णय घ्यायला ते पुरेसे आहेत. आठवड्यात तीन मावा केक, एका वाढदिवसाची पेस्ट्री आणि वर एखादी नानकटाई एवढे यात बसते. पूर्ण बंदीच्या तुलनेत हे पुष्कळ आहे.

मात्र या कॅलरी येतात कुठून, हे समजून घेतल्याशिवाय पुढचा सल्ला नीट पटणार नाही. गोड पदार्थ म्हटला की सर्वांचे लक्ष साखरेकडे जाते. साखरेच्या एका ग्रॅममध्ये चार कॅलरी असतात, पिठाच्या ग्रॅममध्ये साडेतीनच्या आसपास आणि तुपाच्या किंवा तेलाच्या ग्रॅममध्ये नऊ. भट्टीतल्या गोड पदार्थांत साखरेच्या बरोबरीने, काही वेळा तिच्याहून जास्त, स्निग्ध पदार्थ असतो आणि तो जिभेला वेगळा जाणवत नाही. नानकटाईचे घरचे प्रमाण घ्या: मैदा १२५ ग्रॅम, बेसन २५ ग्रॅम, पिठीसाखर १०० ग्रॅम, तूप १०० ग्रॅम. मैद्याच्या सुमारे ४४०, बेसनाच्या ९०, साखरेच्या ४०० आणि तुपाच्या ९०० कॅलरी. एकूण १८०० च्या थोडे वर. वीस नानकटाया झाल्या, तर एकीत ९० ते ९५, आणि त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या तुपाचा.

आता यातला मैदा काढून तेवढीच कणीक घाला. १२५ ग्रॅम कणकेच्या कॅलरी ४०० ते ४२० होतील. म्हणजे संपूर्ण ताटात वीस ते चाळीस कॅलरी वाचल्या, एका नानकटाईमागे जेमतेम एक-दोन. साखरेऐवजी गूळ घातला, तर शंभर ग्रॅम साखरेच्या ४०० ऐवजी गुळाच्या ३८० च्या आसपास होतील, म्हणजे पुन्हा एका नानकटाईमागे एक. कणकेत कोंडा असतो, त्यामुळे तंतू थोडे जास्त मिळतात, चव खमंग येते आणि पोटही थोडे जास्त भरते, हे सर्व मान्य आहे. गुळाची चवही अनेकांना साखरेपेक्षा आवडते. परंतु वजनाच्या हिशेबात या दोन्ही बदलांनी काही साधत नाही, आणि ‘कणकेची आहे’ म्हणून दोनच्या ऐवजी चार खाल्ल्या, तर उलट नुकसानच होते.

गिरगाव-दादरच्या चाळींत दिवाळीच्या आधी पीठ, साखर आणि डालडा घेऊन बेकरीत जाण्याची आणि पत्र्याच्या ताटांत नानकटाई भाजून आणण्याची पद्धत होती. काही ठिकाणी ती अजूनही दिसते. त्या नानकटाईची चव उत्तमच होती, पण वनस्पती तुपामध्ये त्या काळी ट्रान्स फॅटचे प्रमाण फार असे. जानेवारी २०२२ पासून भारतात खाद्यतेले आणि वनस्पती यांमधील ट्रान्स फॅटची मर्यादा दोन टक्क्यांवर आणलेली आहे, ही हृदयाच्या दृष्टीने चांगली गोष्ट झाली. कॅलरी मात्र तेवढ्याच राहिल्या: साजूक तूप असो, वनस्पती असो वा शेंगदाण्याचे तेल, ग्रॅममागे नऊ. लोण्यात पाण्याचा अंश असल्यामुळे ते थोडे कमी, ग्रॅममागे सातच्या जरा वर.

तुमच्या मुलीच्या हौसेकडे मी अडचण म्हणून पाहत नाही, उलट ती तुमच्या उपयोगाची आहे, कारण घरी प्रमाण आपल्या हातात असते. फरक कशाने पडतो ते सांगतो. लोणी, साखर आणि मैदा प्रत्येकी २०० ग्रॅम आणि चार अंडी अशा केकमध्ये ३२०० कॅलरी होतात. दहा तुकडे केले तर एका तुकड्यात ३२०. याउलट चार अंडी, १२० ग्रॅम साखर आणि १२० ग्रॅम मैदा एवढ्यावर, लोणी-तेल न घालता, नुसती अंडी-साखर भरपूर फेटून केलेला स्पंज केक ११८० कॅलरींचा होतो आणि त्याच्या दहाव्या भागात ११८. हा तुकडा वजनाने लहान असतो हे खरे, पण फेटलेल्या अंड्यांमुळे तो फुललेला असतो आणि बशीत तुटपुंजा दिसत नाही. त्याच्याबरोबर हंगामात स्ट्रॉबेरीचे किंवा आंब्याचे काप घेतले, तर क्रीमची आठवण येऊ नये.

श्रावणात, चतुर्थीला किंवा गुरुवारी आपल्याकडे बिनअंड्याचा केक होतो आणि तो हलका, सात्त्विक समजला जातो. वजनाच्या बाबतीत तसे नाही. अंडे वगळले की त्याची जागा भरण्यासाठी बहुतेक वेळा गोड आटवलेल्या दुधाचा डबा वापरतात. ४०० ग्रॅमच्या डब्यात सुमारे १३०० कॅलरी असतात, आणि त्यावर लोणी वेगळेच. दही, थोडे तेल आणि खाण्याचा सोडा यांवर केलेला रव्याचा केक त्यापेक्षा पुष्कळ बरा. साखरेबद्दल एक व्यवहारातली गोष्ट अशी की घरच्या केकच्या कृतीतली साखर पंचवीस टक्क्यांपर्यंत कमी केली, तरी बहुतेक केक बिघडत नाहीत आणि खाणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. त्याहून कमी केली तर केक कोरडा आणि फिका होतो, कारण साखर गोडीबरोबर ओलावाही धरून ठेवते. स्पंज केकमध्ये साखर फेस टिकवण्याचे काम करते, त्यामुळे तिथे कात्री बेताने लावावी. मुलीला प्रयोग करायचेच असतील, तर कणकेच्या प्रयोगापेक्षा लहान साच्यांचा प्रयोग करायला सांगा. एका मोठ्या केकऐवजी बारा लहान कप केक केले की ‘अजून एक पातळसा काप’ हा प्रकार थांबतो, आणि सहा कप केक शेजारी देऊन टाकता येतात.

अलीकडे खजूर, ओट्स आणि बदामाच्या पिठाची ब्राउनी फार लोकप्रिय आहे. बदामाच्या शंभर ग्रॅममध्ये ६०० च्या आसपास कॅलरी असतात, म्हणजे मैद्याच्या पावणेदोन पट. खजुरातून साखरच मिळते, फक्त तंतूंसह. हे पदार्थ वाईट मुळीच नाहीत. ते पौष्टिकही आहेत. पण पौष्टिक असणे आणि वजन उतरवणारे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ‘साखर नाही’ या समाधानात त्या ब्राउनीचा तुकडा जरा मोठाच कापला जातो.

‘शुगर फ्री’ केकबद्दलही मुद्दा तोच. त्यात साखर नसली, तरी मैदा असतो, लोणी असते. बिस्किटांच्या पाकिटावरची पौष्टिक माहिती वाचली तर शंभर ग्रॅममागच्या कॅलरी साध्या बिस्किटांच्या फार मागे नाहीत, असे पुष्कळदा आढळते. गोडीसाठी माल्टिटॉलसारखा पदार्थ वापरला असेल, तर त्याच्याही ग्रॅममागे दोनच्या आसपास कॅलरी असतात आणि जास्त खाल्ल्यास पोटात वायू होतो, जुलाब होतात. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२३ मध्ये वजन नियंत्रणासाठी साखरेऐवजी कृत्रिम किंवा अन्य बिनसाखरेची गोडी वापरू नये, अशी शिफारस केली. ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांना ती लागू नाही. माझे कारण मात्र साधे आहे. ज्या मावा केकसाठी जीव तुटतो त्याची जागा ‘शुगर फ्री’ केक घेत नाही. तो खाल्ल्यावरही मावा केकची इच्छा शिल्लक राहते, आणि मग दोन्ही खाल्ले जातात.

आता तुम्ही प्रश्नात न लिहिलेल्या, पण मला दिसणाऱ्या खाण्याकडे वळतो. तुम्ही दिनक्रमात सकाळी आणि कार्यालयात मिळून चार कप चहा लिहिला आहे, आणि त्याबरोबर ‘कधी खारी, कधी बटर’. चार कपांत प्रत्येकी दोन चमचे साखर धरली, तर ४० ग्रॅम साखर होते, म्हणजे १६० कॅलरी. हा रोजचा जवळजवळ एक मावा केक झाला, आणि त्याचा आनंद म्हणाल तर काहीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेली साखर एकूण कॅलरींच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि शक्य झाल्यास पाच टक्क्यांच्या आत. १४५० चे पाच टक्के म्हणजे १८ ग्रॅम. चहाच तेवढ्याच्या दुपटीहून जास्त साखर घेऊन जातो. दर आठवड्याला कपामागे अर्धा चमचा कमी करत जा. महिनाभरात अर्ध्या चमच्यावर याल आणि पूर्वीचा चहा पाकासारखा लागेल.

खारीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. ती गोड नसते, हाताला हलकी लागते, म्हणून ती मोजली जात नाही. ती हलकी लागते कारण पिठाच्या थरांमध्ये वनस्पती किंवा मार्जरीन लावून ती लाटलेली असते आणि भट्टीत थर सुटून मध्ये हवा भरते. वजन हलके, कॅलरी मात्र शंभर ग्रॅममागे पाचशेच्या घरात. चहात बुडवून चार-पाच खाऱ्या सहज जातात. मी तुम्हाला खारी सोडायला सांगत नाही. मी एवढेच विचारतो की, खारी आणि मावा केक या दोन्हींतून एकच निवडायचे असेल तर तुम्ही काय निवडाल? तुमच्या पत्रावरून उत्तर स्पष्ट आहे. मग १००० कॅलरी खारीवर खर्च करू नका.

मावा केक कसा खावा, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. तुमच्या वाटेवर, ग्रँट रोड स्थानकासमोर, १९१४ साली सुरू झालेली बी. मेरवान ही इराणी बेकरी होती, तिथला मावा केक सकाळीच घ्यावा लागे हे मुंबईकराला सांगायला नको. आता केक कुठूनही घेतला, तरी एकच घ्यावा. डझनभर बांधून आणण्यामागे घरच्यांचे प्रेम असते, पण रात्री दहा वाजता डब्यात उरलेले तीन केक प्रेमापोटी खाल्ले जात नाहीत. तो गाडीत उभ्याने किंवा संगणकासमोर खाऊ नये. कार्यालयात दुपारच्या डब्यानंतर, बसून, त्याच्याकडे लक्ष देऊन खावा. जेवणात उसळ, कोशिंबीर, ताक झालेले असते, त्यामुळे रक्तातली साखर रिकाम्या पोटी खाल्ल्यावर चढते तशी झपाट्याने चढत नाही, आणि पोट भरलेले असल्यामुळे एकावर थांबता येते. शिवाय एकच चव खात राहिलो की तिची गोडी घासागणिक कमी होते. समोर निरनिराळ्या चवी असल्या की माणूस एकूण जास्त खातो. म्हणून मिसळलेल्या पेस्ट्रींच्या खोक्यापासून दूर राहा आणि जो प्रकार सर्वांत आवडतो, तोच घ्या.

तुमची खरी कसोटी संध्याकाळी आहे. दुपारी एकला जेवण, साडेसहाला कार्यालय सुटणार, बोरिवलीला घरी पोहोचेपर्यंत आठ. सात तासांच्या भुकेवर स्थानकाबाहेरच्या बेकरीसमोरून जाणाऱ्या माणसाला मी निग्रहाचा उपदेश करणार नाही, कारण तो उपयोगी पडत नाही. साडेपाचला मूठभर फुटाणे, किंवा एक उकडलेले अंडे आणि ताक, असे काही पोटात जाऊ द्या. ३० ग्रॅम फुटाण्यांच्या कॅलरी १०० ते १२० आणि त्यातून सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात. दिवसभरात वजनाच्या किलोमागे एक ग्रॅमच्या आसपास प्रथिने मिळाली पाहिजेत. तुमच्या लिहिलेल्या आहारात ती निम्म्यावर आहेत असे मला दिसते. संध्याकाळची गोडाची ओढ पुष्कळदा गोडाची नसते, ती भुकेची असते, आणि प्रथिने वाढवल्यावर पंधरा दिवसांत हा फरक कळतो.

बंदी मोडल्यावर बरेच दिवस खाल्ले गेले, याचा तुम्ही स्वतःला फार दोष दिला आहे. हा तुमच्या स्वभावाचा दोष नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी एक प्रयोग केला होता. काही जणांना आधी मिल्कशेक पाजला आणि मग हवे तेवढे आइस्क्रीम खायला दिले. एरवी खाण्यावर निर्बंध न घालणाऱ्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. सतत निर्बंध पाळणाऱ्यांनी मात्र मिल्कशेकनंतर उलट जास्त खाल्ले. ‘आता मोडलेच आहे’ असे एकदा वाटले की प्रमाणाचे भान सुटते. आठवड्याच्या हिशेबात मोडण्यासारखे काही नसते. बुधवारी पेस्ट्री झाली, तर ३५० कॅलरी गेल्या आणि ६५० उरल्या. रविवारपर्यंत १००० च्या जागी १४०० झाल्या, तर पुढच्या आठवड्यातून त्या वजा करू नका. पुढचा आठवडा पुन्हा १००० वर सुरू करा. वजाबाकी सुरू झाली की बंदीच दुसऱ्या नावाने परत येते.

कार्यालयातल्या केकबाबत एक कठोर वाटेल असा सल्ला देतो. तो बहुतेक वेळा चांगला नसतो. अतिगोड क्रीम, कोरडा स्पंज, फ्रीजचा वास. एक घास तोंडात घालून शुभेच्छा द्या आणि बशी बाजूला ठेवा. आग्रह झाला तर ‘दुपारी मावा केक झाला’ हे खरे उत्तर आहे.

व्यायामाने केक ‘जाळण्याचा’ विचार करू नका. तुमच्या वजनाची व्यक्ती एक किलोमीटर चालली, तर नेहमीपेक्षा ४० च्या आसपास कॅलरी जास्त खर्च होतात. शिवाजी पार्कच्या कट्ट्याभोवतीची एक फेरी सव्वा किलोमीटरच्या आत-बाहेर धरा. एका मावा केकला साडेतीन फेऱ्या झाल्या. चालणे रक्तातल्या साखरेसाठी, हृदयासाठी आणि झोपेसाठी जरूर करा, रोज करा, पण केकची शिक्षा म्हणून नको.

प्रगती मोजताना वजनाबरोबर कंबरही मोजा. भारतीय स्त्रियांसाठी कंबरेचा घेर ८० सेंटीमीटरच्या आत असणे इष्ट मानले जाते, आणि तुमचा २९ च्या वर असलेला बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, आपल्याकडच्या २५ च्या निकषाने लठ्ठपणात मोडतो. पहिले उद्दिष्ट साडेतीन किलोचे, म्हणजे वजनाच्या पाच टक्क्यांचे ठेवा. एवढ्यानेही रक्तदाब आणि साखर यांवर चांगला परिणाम होतो. हे वाचणाऱ्या ज्यांना मधुमेह आहे आणि जे इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी वरचे प्रमाण जसेच्या तसे घेऊ नये. डॉक्टरांशी बोलून ठरवावे. तसेच खाताना थांबताच येत नाही, लपून खाल्ले जाते, नंतर उलटी काढावीशी वाटते, असे ज्यांच्या बाबतीत होते त्यांनी आहारतज्ज्ञाच्या आधी मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे, कारण तिथे कॅलरींचा हिशेब त्रास वाढवू शकतो.

सहा आठवडे असे करून मला पुन्हा लिहा. लिहिताना चहातली साखर किती चमच्यांवर आली, संध्याकाळी काय खाल्ले आणि आठवड्याला किती मावा केक झाले, एवढ्या तीन गोष्टी कळवा. वजन दर आठवड्याला एकदाच, सकाळी, पाळीच्या आधीचे चार-पाच दिवस सोडून करा. त्या दिवसांत शरीरात पाणी साठते आणि काटा किलोभर वर गेला तरी त्याचा केकशी काही संबंध नसतो.